पाकिटावर पत्ता उलटा, आडवा किंवा अर्धवट छापला जातो तेव्हा काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचना पाठवण्यासाठी ९ × ४ इंची पाकिटांवर सभासदांचे पत्ते छापायचे आहेत. प्रिंटर साधा, काळ्या छपाईचा, ए४ मापाचा लेझर आहे आणि पत्ते मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये तयार केले आहेत. पडद्यावरच्या प्रिव्ह्यूमध्ये पाकीट अगदी व्यवस्थित दिसते. प्रत्यक्षात मात्र पत्ता कधी उलटा येतो, कधी पाकिटाच्या रुंदीत आडवा येऊन अर्धा कापला जातो, तर कधी मागच्या, गोंदाच्या बाजूला छापला जातो. पाकीट फिरवून घातले तरी निकाल दर वेळी वेगळा येतो, त्यामुळे प्रिंटर बिघडला असावा असे प्रश्नकर्त्यांना वाटते.

प्रिंटर बहुधा बिघडलेला नाही. पाकिटाची दिशा एका जागी ठरत नाही, ती चार जागी ठरते: वर्डमधील पानाची मांडणी, वर्डच्याच पाकीट-खिडकीतील फीडचे (पाकीट प्रिंटरमध्ये कसे शिरते ते दाखवणारे) चित्र, प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील (संगणकाला प्रिंटरशी जोडणाऱ्या प्रोग्राममधील) ओरिएंटेशन, म्हणजे पानाची उभी-आडवी दिशा, आणि आपण हाताने पाकीट ज्या रीतीने ट्रेमध्ये ठेवतो ती रीत. या चारांपैकी कोणतीही एक गोष्ट बदलली की निकाल बदलतो, आणि दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर त्या एकमेकींना रद्द करू शकतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा की तीन गोष्टी पूर्णपणे स्थिर ठेवाव्यात आणि एकच बदलावी. हे पथ्य पाळले नाही तर पुढचा सगळा मजकूर वाचूनही उपयोग होणार नाही.

मुळात पाकीट फिरवावे का लागते, हे आधी समजून घेऊ. प्रिंटरच्या भाषेत कागदाची रुंदी म्हणजे जी कड आधी आत शिरते तिची लांबी. ए४ मापाच्या प्रिंटरचा मार्ग सुमारे २१६ मिलिमीटर, म्हणजे साडेआठ इंच रुंदीचा असतो. ९ इंची पाकिटाची लांब बाजू २२८.६ मिलिमीटर भरते, म्हणून ती बाजू पुढे करून हे पाकीट अशा प्रिंटरमध्ये घालताच येत नाही. आंतरराष्ट्रीय डीएल मापाचे पाकीटसुद्धा २२० मिलिमीटर लांब असल्याने त्याचीही तीच गत होते. आपल्याकडे मिळणारी ९ × ४, १० × ४.५ आणि ११ × ५ इंची पाकिटे या वर्गातील प्रिंटरमध्ये आखूड बाजू पुढे करूनच जातात. पत्ता मात्र लांब बाजूला समांतर हवा असतो. त्यामुळे छपाईला जाण्यापूर्वी कुणीतरी मजकूर ९० अंशांत वळवणे अपरिहार्य ठरते, आणि हे वळण डावीकडे घ्यायचे की उजवीकडे, यावर सर्व कंपन्यांचे एकमत नाही. काही ड्रायव्हर उभे पान ९० अंशांत वळवून आडवे करतात, काही २७० अंशांत. आपण कोणत्या गटात आहोत हे ड्रायव्हर विंडोजला कळवतो आणि विंडोज ते वर्डला सांगते. या साखळीत कुठे गैरसमज झाला की पत्ता बरोबर १८० अंशांनी उलटा येतो. प्रिव्ह्यू हे सर्व वळण होण्यापूर्वीचे चित्र दाखवतो, म्हणून प्रिव्ह्यू बरोबर दिसणे हा दिशेच्या बाबतीत कसलाच पुरावा नाही.

आता चाचणी. पाकिटे वाया घालवू नयेत. ए४ कागद कापून त्याच्या २२८ × १०२ मिलिमीटरच्या काही पट्ट्या कराव्यात. प्रत्येक पट्टीच्या एका बाजूवर पेन्सिलीने ‘वरची बाजू’ असे लिहावे, जी कड प्रिंटरमध्ये आधी जाणार तिच्याकडे बाण काढावा आणि पट्टीच्या ज्या लांब कडेला पाकिटाची फ्लॅप, म्हणजे बंद करण्याची दुमडती बाजू, आली असती तिथे एक रेघ ओढावी. ही पट्टी ट्रेमध्ये ठेवण्यापूर्वी तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर फारच उत्तम, कारण ‘आपण ती कशी ठेवली होती’ यावरच निम्मे वाद होतात. मग वर्डमधील पाकीट छापावे आणि बाहेर आलेली पट्टी शांतपणे वाचावी. मजकूर दुसऱ्या बाजूला आला का, योग्य बाजूला पण उलटा आला का, आखूड कडेला समांतर आला का, की दिशा बरोबर असून केवळ जागा चुकली, हे चार वेगवेगळे दोष आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

मजकूर आखूड कडेला समांतर येणे, म्हणजे ज्याला आपण आडवे छापले गेले म्हणतो, याचा अर्थ एकतर वळण झालेच नाही किंवा एकाच दिशेने दोनदा झाले. ९० अधिक ९० म्हणजे १८०, आणि १८० अंश वळलेला मजकूर पुन्हा आखूड कडेलाच समांतर राहतो, म्हणून वरवर पाहता दोन्ही चुका सारख्याच दिसतात. इथे आपला पेन्सिलीचा बाण कामी येतो. बहुतेक लेझर प्रिंटरमध्ये उभ्या पानाचा माथा आधी बाहेर येतो. त्यामुळे अक्षरांची डोकी बाणाच्या टोकाकडे असतील तर वळण झालेले नाही, आणि डोकी बाणाच्या शेपटीकडे असतील तर ते दोनदा झाले आहे. (दोन वळणे परस्परविरुद्ध दिशांची असतील तर ती एकमेकांना खोडतात आणि निकाल ‘वळण नाही’ असाच दिसतो, हे ध्यानात ठेवावे.)

वळण न होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण असे की वर्डमध्ये पाकिटाचे माप निवडलेले असते, पण ड्रायव्हरमध्ये कागदाचे माप अजून ए४ आणि ओरिएंटेशन पोर्ट्रेटच, म्हणजे उभे, असते. वर्ड सहसा स्वतःचे माप ड्रायव्हरवर लादतो, परंतु ड्रायव्हरच्या यादीत ते मापच नसेल तर ड्रायव्हर गुपचूप जवळचे दुसरे माप घेतो. ९ × ४ इंच हे माप कंपन्यांच्या तयार यादीत क्वचितच असते. तिथे डीएल, सी५, सी६, मोनार्क आणि अमेरिकी क्रमांक १० अशी मापे असतात, आणि आपल्या बाजारातील पाकीट त्यांपैकी एकाशीही तंतोतंत जुळत नाही. म्हणून स्वतःचे माप नोंदवावे. विंडोजमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या पानावर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ हा दुवा आहे. त्यातील ‘फॉर्म्स’ या टॅबवर ‘क्रिएट अ न्यू फॉर्म’वर खूण करून नाव द्यावे, रुंदी १०.१६ सेंटिमीटर आणि उंची २२.८६ सेंटिमीटर भरावी आणि फॉर्म जतन करावा. रुंदीच्या जागी लहान आकडाच हवा. पुष्कळ लोक पाकीट डोळ्यांसमोर आडवे धरून रुंदी २२.८६ भरतात, तो फॉर्म प्रिंटरच्या २१६ मिलिमीटरच्या मर्यादेबाहेर जातो, म्हणून यादीत दिसतच नाही, आणि मग विंडोज बिघडल्याची तक्रार सुरू होते. काही प्रिंटरचे ड्रायव्हर विंडोजच्या फॉर्मकडे पाहत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या ‘पेपर’ टॅबवर ‘कस्टम’ नावाचे बटण असते, आणि तिथेही रुंदी-उंचीचा हाच क्रम पाळायचा असतो.

दोनदा वळण होण्याचे कारण बहुधा अतिउत्साह असते. वर्डची पाकिटाची सोय स्वतःच पान लँडस्केप, म्हणजे आडवे, करून पाठवते. त्यावर वापरकर्ता ड्रायव्हरमध्ये जाऊन पुन्हा काहीतरी ‘रोटेट’ लावतो, किंवा पत्त्याची चौकट हाताने फिरवतो. माझा सल्ला असा की वर्डच्या पाकीट-खिडकीतून छापत असाल तर ड्रायव्हरच्या मूळ पसंतीत ओरिएंटेशनला हात लावू नये आणि ते पोर्ट्रेटच राहू द्यावे. वळवण्याचे काम पूर्णपणे वर्डवर सोपवावे. याउलट, पाकीट-खिडकी न वापरता साधे कोरे पान घेऊन त्यावर पत्ता टाइप केला असेल तर पानाचे माप १०.१६ × २२.८६ आणि ओरिएंटेशन लँडस्केप हे दोन्ही ‘लेआउट’मध्येच ठरवावे, आणि प्रिंटच्या खिडकीतही तेच दिसते आहे याची खात्री करावी.

उलटा पत्ता, म्हणजे १८० अंशांचा दोष, हा सर्वांत सोपा आणि तरीही सर्वांत जास्त वेळ खाणारा. सोपा यासाठी की त्याला तीन उपाय आहेत. वेळखाऊ यासाठी की लोक तिन्ही एकदम करतात. पहिला उपाय म्हणजे पाकीट टोकाकडून टोकाकडे फिरवून घालणे. दुसरा, वर्डमधील ‘क्लॉकवाइज रोटेशन’ ही खूण बदलणे. तिसरा, ड्रायव्हरमधील ‘१८० अंशांत फिरवा’ अशा अर्थाचा पर्याय लावणे. यांपैकी कोणतेही दोन केले की पत्ता पुन्हा उलटा.

यातील कोणता निवडावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. हाताने फिरवण्याचा उपाय शेवटी ठेवावा, कारण फ्लॅप कोणत्या बाजूला यावी हे प्रिंटरच्या यंत्ररचनेवर अवलंबून असते आणि उत्पादक ते चित्रासह सांगतो. एचपीच्या अनेक लहान लेझर प्रिंटरमध्ये, उदाहरणार्थ, पाकीट छापायची बाजू वर आणि वरची कड डावीकडे ठेवून, आखूड बाजू आधी घालण्याची सूचना असते; फ्लॅप आखूड बाजूला असेल तर ती बाजू आधी आत जावी असेही ते सांगतात. ही सूचना मोडून पाकीट फिरवले तर पत्ता सुलटा येईल, पण पाकिटाची दुमडलेली जाड कड रोलरच्या दुसऱ्या बाजूला जाईल, आणि दहापैकी दोन पाकिटे सुरकुततील किंवा तिरकी ओढली जातील. म्हणून ट्रेवर किंवा झाकणाच्या आत छापलेले चित्र प्रमाण मानून पाकीट तसेच ठेवावे, आणि दिशा संगणकात दुरुस्त करावी.

वर्डमध्ये हे कुठे करायचे ते सांगतो. ‘मेलिंग्ज’ टॅबवर ‘एन्व्हलप्स’ आहे, त्यात ‘ऑप्शन्स’, आणि त्या खिडकीत दोन टॅब. पहिल्यात पाकिटाचे माप आणि पत्त्यांची जागा. दुसऱ्यात, ‘प्रिंटिंग ऑप्शन्स’मध्ये, आपला सगळा खेळ आहे. या टॅबच्या वरच्या बाजूला प्रिंटरचे नाव लिहिलेले असते, ते आधी वाचावे. ते दुसऱ्याच प्रिंटरचे किंवा पीडीएफ तयार करणाऱ्या आभासी प्रिंटरचे असेल तर खाली केलेले सर्व बदल भलत्यालाच लागू होतील. म्हणून खिडकी उघडण्यापूर्वी ‘फाइल’, ‘प्रिंट’मध्ये जाऊन योग्य प्रिंटर निवडून यावे. त्याखाली फीडची सहा चित्रे दिसतात. तीन चित्रांत पाकीट आखूड बाजूने शिरते, तीनांत लांब बाजूने, आणि प्रत्येक गटात ते डावीकडे टेकलेले, मधोमध किंवा उजवीकडे टेकलेले असते. ए४ प्रिंटर आणि ९ इंची पाकीट असेल तर लांब बाजूची तिन्ही चित्रे विसरून जावीत. उरलेल्या तिघांतून आपल्या ट्रेच्या कागद धरणाऱ्या पट्ट्या कशा सरकतात ते पाहून निवड करावी: दोन्ही पट्ट्या एकाच वेळी मध्याकडे सरकत असतील तर मधले चित्र, एक बाजू स्थिर असून दुसरी सरकत असेल तर स्थिर बाजूचे चित्र. वर्ड आपल्याला एक शिफारस दाखवतो, ती ड्रायव्हरने दिलेल्या माहितीवर आधारलेली असते आणि ती पुष्कळदा बरोबर असते. मात्र ती आज्ञा नव्हे.

चित्र निवडल्यावर ‘फेस अप’ की ‘फेस डाउन’ (छापायची बाजू वर की खाली) हे ठरवायचे आणि पट्टीवर चाचणी घ्यायची. उलटे आले तर केवळ ‘क्लॉकवाइज रोटेशन’ची खूण बदलून पुन्हा चाचणी घ्यायची, दुसरे काहीही हलवायचे नाही. काही ड्रायव्हर वर्डची ही खूण जुमानत नाहीत. तसे आढळले तरच ड्रायव्हरकडे जावे. एचपीच्या ड्रायव्हरमध्ये ओरिएंटेशनच्या शेजारी ‘रोटेट बाय १८० डिग्रीज’ अशी खूण असते. कॅननच्या काही ड्रायव्हरमध्ये लँडस्केप पान डावीकडे ९० अंशांत वळवण्याची खूण कस्टम सेटिंग्जमध्ये असते, आणि ती काढल्यावर वळण उलट्या दिशेने होते. मॅकवर प्रिंटच्या खिडकीतील ‘लेआउट’ विभागात ‘रिव्हर्स पेज ओरिएंटेशन’ आहे. लिनक्सवर कप्स ही छपाईव्यवस्था ओरिएंटेशन आकड्यांनी ओळखते, त्यात ४ म्हणजे आडवे आणि ५ म्हणजे उलट आडवे, त्यामुळे उलटा पत्ता ४ च्या जागी ५ दिल्याने सुलटा होतो.

‘पूर्वी नीट छापले जात होते, आता अचानक उलटे येते’ अशी तक्रार असेल तर ड्रायव्हर बदलला गेला आहे का ते पाहावे. विंडोज नव्याने बसवल्यावर किंवा प्रिंटर पुन्हा जोडल्यावर कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण क्लास ड्रायव्हर लागू शकतो. साध्या छपाईला तो पुरेसा असतो, पण १८० अंशांचा पर्याय, स्वतःचे माप, पाकिटाचा कागद-प्रकार अशा गोष्टी त्यात बहुधा नसतात, आणि लँडस्केपचे वळणही जुन्या ड्रायव्हरपेक्षा वेगळ्या बाजूचे असू शकते. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर घेणे हा तिथे खरा उपाय आहे.

मागच्या बाजूला छपाई होण्याचे कारण सरळ आहे. मॅन्युअल फीडच्या फटीतून किंवा मागच्या ट्रेमधून जाणारा कागद साधारणपणे सरळ मार्गाने जातो, म्हणून छापायची बाजू वर ठेवायची असते. खालच्या खणातून येणारा कागद वळसा घेऊन येतो, म्हणून तिथे ती बाजू खाली असते. मात्र इथेच तो ‘दर वेळी वेगळा निकाल’ जन्माला येतो, आणि मला वाटते की प्रश्नकर्त्यांच्या कार्यालयात हेच घडत असावे. पाकीट पालथे करण्याच्या दोन रीती आहेत. लांब कडेवरून, म्हणजे पुस्तकाचे पान उलटावे तसे पालथे केले तर पुढची आखूड कड पुढेच राहते. आखूड कडेवरून, टोकावरून कोलांटी देऊन पालथे केले तर मागची कड पुढे येते, म्हणजे बाजू बदलली आणि त्यासोबत १८० अंशांचे वळणही नकळत घेतले गेले. एका कर्मचाऱ्याने एका रीतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने पालथे केले की संगणकात काहीही न बदलता पत्ता एकदा सुलटा आणि एकदा उलटा येणारच. बाणाची खूण केलेली पट्टी यासाठीच महत्त्वाची आहे. शिवाय दोन्ही बाजूंना छापण्याचा, म्हणजे डुप्लेक्सचा पर्याय ड्रायव्हरमध्ये चालू राहिला असेल तर तो बंद करावा; पाकीट त्या मार्गातून जाण्यासाठी बनलेले नसते, आणि कार्यालयीन मोठ्या यंत्रांत ‘लेटरहेड’साठी असलेला पर्यायी मोडही कागदाची अपेक्षित बाजू बदलून टाकतो.

आता जागा चुकण्याविषयी. दिशा बरोबर आली, पण पत्त्याचा अर्धा भाग कागदावर आणि अर्धा हवेत, असे झाले की लोक समास वाढवू लागतात. तसे करू नये. आधी चुकीचे अंतर मोजावे, कारण ते अंतरच कारण सांगते. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि आपले पाकीट १०१.६ मिलिमीटर रुंद आहे. कागद मधोमध धरणाऱ्या प्रिंटरमध्ये पाकिटाची कड ए४ च्या कडेपासून सुमारे ५४ मिलिमीटर आत असते. त्यामुळे मजकूर साधारण ५४ मिलिमीटरनी सरकला असेल तर निदान निश्चित आहे: वर्ड आणि प्रिंटर यांपैकी एकजण कागद मधोमध आहे असे समजतो आणि दुसरा तो कडेला टेकला आहे असे समजतो, किंवा ड्रायव्हर अजूनही ए४ धरून बसला आहे. फीडचे चित्र किंवा कागदाचे माप दुरुस्त करताच हे अंतर एका फटक्यात नाहीसे होते.

सरकलेले अंतर साधारण १२-१३ मिलिमीटर आणि तेही पाकिटाच्या लांबीच्या दिशेने असेल तर वर्डमध्ये अमेरिकी ‘साइज १०’ हे माप राहिले आहे असे समजावे. ते पाकीट साडेनऊ इंच, म्हणजे २४१.३ मिलिमीटर लांब असते आणि आपल्या पाकिटाशी त्याचा फरक बरोबर १२.७ मिलिमीटर आहे. गंमत अशी की मजकुराची डावी बाजू पुढच्या कडेला येईल असे वळण असेल तर ही चूक जवळजवळ दिसतच नाही, आणि उलट वळण लावताच ती प्रकट होते. म्हणून काहींना वाटते की दिशा दुरुस्त केल्याने जागा बिघडली. प्रत्यक्षात जागा आधीच चुकलेली होती. ‘एन्व्हलप साइज’च्या यादीत सर्वांत शेवटी ‘कस्टम साइज’ आहे, तिथे खरे माप भरावे, आणि तेही पाकीट मोजपट्टीने मोजून. दुकानदार ज्याला ९ × ४ म्हणतो ते काही वेळा ९.२५ × ४.२५ निघते.

दोन-तीन मिलिमीटरचा फरक उरला तर तो स्वीकारावा. पाकिटे हाताने किंवा यंत्राने दुमडलेली असतात, त्यांच्यात आपसातच तेवढा फरक असतो. पत्ता कडेपासून किमान १५ मिलिमीटर आत ठेवला आणि उजवा वरचा कोपरा तिकिटासाठी मोकळा सोडला की एवढ्या फरकाने काही अडत नाही. मात्र पिन कोडची ओळ खालच्या कडेच्या फार जवळ नेऊ नये. लेझर प्रिंटर सर्व बाजूंनी चार-पाच मिलिमीटरची पट्टी छापतच नाही, आणि पाकीट थोडे तिरके गेले तर सर्वांत आधी ती ओळच कापली जाते.

संस्थेचे सभासद पुष्कळ असतील तर पत्ते एकेक करून छापण्याऐवजी मेल मर्ज, म्हणजे यादीतील प्रत्येक पत्ता आपोआप भरण्याची सोय, वापरले जाते, आणि तिथे एक वेगळा सापळा आहे. ‘स्टार्ट मेल मर्ज’मध्ये ‘एन्व्हलप्स’ हाच प्रकार निवडावा, म्हणजे वर वर्णन केलेली ऑप्शन्सची खिडकी उघडते आणि फीडची निवड त्या दस्तऐवजाला लागू होते. ‘लेटर्स’ निवडून नंतर पानाचे माप पाकिटाएवढे केले तर पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते, पण फीडचे चित्र आणि ‘क्लॉकवाइज रोटेशन’ यांचा तिथे संबंधच येत नाही. छापताना ‘फिनिश अँड मर्ज’, ‘प्रिंट डॉक्युमेंट्स’मध्ये ‘करंट रेकॉर्ड’ निवडून आधी एकच पाकीट छापावे. पाकीट-खिडकीतील ‘प्रिंट’ बटण तर प्रिव्ह्यू न दाखवता थेट छपाई सुरू करते, म्हणून मी स्वतः नेहमी ‘अ‍ॅड टू डॉक्युमेंट’ वापरतो.

लिब्रेऑफिस रायटर वापरणाऱ्यांसाठी ‘इन्सर्ट’, ‘एन्व्हलप’ या मार्गाने तशीच खिडकी उघडते. तिच्या ‘प्रिंटर’ टॅबवर सहा चित्रे, वरून छापा की खालून छापा हा पर्याय, आणि त्याशिवाय मजकूर उजवीकडे किंवा खाली सरकवण्याचे आकडे आहेत. जागेच्या बारीक दुरुस्तीसाठी ही सोय मला वर्डपेक्षा सरस वाटते. पत्त्यांची पीडीएफ फाइल कुणी तयार करून दिली असेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये ‘फिट’ऐवजी ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडावे आणि ‘चूज पेपर सोर्स बाय पीडीएफ पेज साइज’ ही खूण लावावी, ओरिएंटेशन ‘ऑटो’वर ठेवावे. पीडीएफचा आणखी एक उपयोग निदानासाठी होतो. वर्डमधील पाकीट पीडीएफ करून दुसऱ्या प्रोग्रामातून छापले आणि दोष तसाच राहिला, तर तो ड्रायव्हर किंवा ट्रेमध्ये आहे; नाहीसा झाला, तर वर्डच्या फीडच्या सेटिंगमध्ये आहे.

पाकिटांविषयी थोडेच सांगतो. खिडकीवर प्लॅस्टिक असलेली किंवा सोलून चिकटवायच्या पट्टीची पाकिटे लेझर प्रिंटरसाठी आहेत असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर वापरू नयेत, कारण फ्यूजरचे, म्हणजे उष्णतेने टोनर कागदावर बसवणाऱ्या भागाचे, तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पाकिटांचा गठ्ठा टेबलावर दाबून त्यातील हवा काढावी आणि पुढे जाणारी कड बोटाने घट्ट बसवावी. तिरकी छपाई हा दिशेचा दोष नव्हे, ती कागद धरणाऱ्या सैल पट्ट्यांची किंवा फुगलेल्या पाकिटाची खूण असते. ज्या प्रिंटरला मागे झाकण आहे त्याचे झाकण उघडून पाकीट सरळ बाहेर येऊ द्यावे. ब्रदरच्या अनेक लेझर प्रिंटरमध्ये त्या झाकणाच्या आत दोन हिरवे खटके असतात, ते पाकिटांसाठी खाली करायचे आणि काम संपल्यावर आठवणीने वर करायचे, नाहीतर साध्या कागदावरचा टोनर नीट बसत नाही.

ड्रायव्हर वळणाला दादच देत नसेल तर काही जण एक जुगाड करतात: ड्रायव्हरला ए४ सांगायचे, पत्ता पानावर अंदाजाने योग्य जागी ठेवायचा आणि आत पाकीट सरकवायचे. इंकजेटवर हे एखाद्या वेळी निभावते. लेझर प्रिंटर मात्र २९७ मिलिमीटर कागदाची वाट पाहत असतो, आणि २२९ मिलिमीटरनंतर कागद संपला की कागद अडकल्याचा किंवा माप जुळत नसल्याचा इशारा देऊन थांबतो. त्यापेक्षा पान १०.१६ × २२.८६ मापाचे आणि पोर्ट्रेट ठेवावे, त्यावर एक मजकूर-चौकट घ्यावी, तिच्यातील अक्षरांची दिशा ‘टेक्स्ट डायरेक्शन’ने ९० किंवा २७० अंश करावी आणि ड्रायव्हरला काहीही वळवायला सांगू नये. पडद्यावर हे विचित्र दिसते आणि टाइप करायला गैरसोयीचे आहे, पण पोर्ट्रेट पानाच्या बाबतीत ड्रायव्हरांमध्ये मतभेद नसल्याने ते हमखास चालते.

सर्व जुळून आल्यावर ते टिकवण्याची व्यवस्था करावी. ड्रायव्हरमध्ये १८० अंशांचा पर्याय कायम लावून ठेवला तर दुसऱ्या दिवशी संस्थेच्या लेटरहेडवरची पत्रे उलटी छापली जातात, हे ठरलेलेच आहे. म्हणून विंडोजमध्ये तोच प्रिंटर त्याच पोर्टवर दुसऱ्यांदा जोडावा, त्याला ‘पाकीट’ असे नाव द्यावे, आणि माप, कागद-प्रकार, मॅन्युअल फीड, वळण या साऱ्या पसंती फक्त त्या दुसऱ्या नोंदीत जतन कराव्यात. मूळ नोंद ए४ पोर्ट्रेटच राहू द्यावी. वर्डमध्ये पाकीट छापण्यापूर्वी ‘पाकीट’ हा प्रिंटर निवडायचा, नेहमीच्या पत्रासाठी मूळचा. चाचणीत बरोबर छापली गेलेली पट्टी, तिच्यावरच्या बाणासह, ट्रेजवळ चिकटपट्टीने लावून ठेवावी, म्हणजे जो कोणी पाकिटे भरेल त्याला कोणती कड पुढे आणि कोणती बाजू वर हे विचारावे लागणार नाही.